मामपिंगाचा पहिला घोट

ईस्ट लंडन
६ सप्टेंबर १९९८

प्रिय सिसी,

माझी तब्येत बरी आहे, खोली कोरडी आहे, घरमालकीण होती तशीच आहे. तुझंही सगळं विचारून झालं असं समज, कारण आज मला दम धरवत नाही.

मी काम करते ते दुकान तुला ठाऊक आहे. घरी बिअर करायला लागणारं सामान इथले गोरे लोक आमच्याकडून नेतात. भाजलेल्या जवाची पोती, यीस्टच्या पुड्या, बाटल्यांना बुचं मारायचं यंत्र. पेन्शनीत निघालेले इंजिनिअर, दातांचे डॉक्टर, अशी सगळी माणसं. काउंटरवर कोपर टेकून ते आपापल्या बिअरबद्दल जे बोलतात ते ऐकलंस तर तुला वाटेल, बाळंतिणींचा घोळका जमलाय. फेस धरला का, रात्री गुरगुरते का, रंग कुणावर गेला. या लोकांचं एक मंडळ आहे आणि दर नोव्हेंबरात त्यांची स्पर्धा भरते. प्रत्येकाने आपल्या घरची बिअर आणायची, परीक्षक चाखणार, मार्क देणार. काळ्या बिअरचा गट वेगळा, फिकटचा वेगळा, कडूचा वेगळा. जिंकणाऱ्याला तांब्याची थाळी आणि थाळीवर त्याचं नाव कोरलेलं. मागच्या वर्षी एका दातांच्या डॉक्टरला ती मिळाली, तर तो थाळी घेऊन थेट दुकानात आला आणि आम्हा सगळ्यांना ती हातात धरून बघायला लावली. चांगली जड होती.

आता खरी गोष्ट. यंदा मंडळाने नवा गट काढलाय, ज्वारीच्या आंबट बिअरचा. म्हणजे आपली उम्कोम्बोथी. मंडळाचे प्रमुख मिस्टर ड्रेअर कागद घेऊन आले, दुकानाच्या दारावर लावा म्हणाले. मीच तो चिकटवला आणि चिकटवता चिकटवता वाचला. सिसी, मी तो तिथेच उभी राहून दोनदा वाचला.

मी तुझं नाव देऊन टाकलंय. तुला विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस. आपल्या आईच्या माघारी सेंटानेत तुझ्यासारखी बिअर कुणाच्याच हातून उतरत नाही, हे मी बहीण म्हणून म्हणत नाही, तिथली माणसंच म्हणतात. लवकर हो म्हण.

तुझी
फाथिस्वा


सेंटाने
१९ सप्टेंबर

फाथी,

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला वाटलं, सगळ्यात जास्त कोण पितो याची स्पर्धा आहे. म्हटलं, मग माझं नाव कशाला दिलं या पोरीने, गावातल्या म्हाताऱ्या ताता झिबोनेलेंना पाठवू, ते थाळी काय, जेवणाची परातसुद्धा जिंकून आणतील. दुसऱ्यांदा वाचल्यावर डोक्यात प्रकाश पडला आणि मग तुझा राग आला. न विचारता नाव द्यायची तुझी खोड लहानपणापासूनची. रविवारच्या शाळेत माझं नाव गाणं म्हणायला देऊन आली होतीस, आठवतं का? तेव्हाही माझीच फजिती झाली.

नाव काढून घे. गुडघे दुखतात. कोंबड्यांकडे बघायला कुणी नाही. माझा थेम्बेलानी खाणीवर, इथे मी, सून बुलेल्वा आणि तिचं तान्हं.

एवढं लिहून कागद बाजूला ठेवला होता. पण दरवेळी समोर दिसला की वाटायचं, हे खोटं आहे. म्हणून आता खरं लिहिते. गुडघे पूर्वीही दुखतच होते.

जूनपासून मी चुलीवर मोठं भांडं चढवलेलं नाही. जूनच्या थंडीत माझ्या शेतावर मक्याच्या कापणीला शेजारपाजार आला होता. कामाला येणाऱ्यांना बिअर द्यायची, म्हणून मी बिअर घातली होती, पिंपभर. त्याच सकाळी बुलेल्वाच्या पोटात कळा सुरू झाल्या. तिला घेऊन मी गाडीने दवाखान्यात गेले. दुपारी माणसं शेतातून तहानलेली आली तेव्हा शेजारच्या माजोलाने पुढे होऊन पिंप उघडलं आणि वाटप केलं. मी नाही, माझा घोट नाही. आपल्याकडे घालणारीने सगळ्यांसमोर आधी पिऊन दाखवल्याशिवाय पेला पुढे जात नाही, आणि त्या दिवशी तो गेला. संध्याकाळपर्यंत चार माणसं पोट धरून झुडपांकडे पळत होती. त्यांतले एक ताता झिबोनेले.

त्या दिवशीच्या मटणाला वास होता असं आता काही जण म्हणतात. पण तेव्हापासून कुणी मला बिअर घालायला बोलावलेलं नाही. तोंडावर कुणी काही बोलत नाही. नळावर गेले की बायका वाट देतात, जरा जास्तच वाट देतात. डिसेंबरात झिबोनेलेंचा नातू सुंतेचा विधी संपवून रानातून पुरुष होऊन परत येणार, त्याच्या स्वागताची मेजवानी आहे. त्या अंगणात आईने बिअर घातली, तिच्यानंतर मी. या वेळी माजोला घालणार आहे, दुकानातल्या पाकिटांतून. पाकीट फोडायचं, पाणी ओतायचं, ढवळायचं. तिला बिअर म्हणतात म्हणून मीही म्हणते.

मला थाळी नको फाथी. मला माझ्या हातून लोकांनी प्यायला हवंय. गावच माझ्या हातचं पीत नाही, तर तुझी दातांची डॉक्टरं कशी पितील?

नोफेझिले


ईस्ट लंडन
२७ सप्टेंबर

सिसी,

तुझं पत्र मी दुकानाच्या मागच्या खोलीत वाचलं आणि इतकी चिडले की यीस्टच्या पुड्या उलट्या क्रमाने लावून ठेवल्या. मालकीण बोलली मला. जूनपासून हे चाललंय आणि मला एका अक्षराने कळवलं नाहीस. वर गुडघ्यांची कहाणी सांगतेस.

नाव मी काढणार नाही, उलट आता तर मुळीच काढणार नाही. माझं डोकं कसं चाललंय ते ऐक. या स्पर्धेत कुणाच्या पेल्यावर नाव नसतं, फक्त नंबर असतो. परीक्षकांना तुझं नाव कळणार नाही, गाव कळणार नाही, जून महिन्यातली ती दुपार कळणार नाही. समोर बिअर आणि तिला मार्क, बास. नंबरामागचा माणूस कोण हे परीक्षकांना कळलं तर ती बिअर तिथल्या तिथे बाद, इतकं ते कडक आहे. मिस्टर ड्रेअर यांनी मागच्या वर्षी सख्ख्या भावाला बाद केलं, कारण तो परीक्षकाकडे बघून भुवया उडवत होता.

म्हणजे तुला कुणी ओळखत नसताना तू जिंकलीस, तर गावाला काय तोंड राहील? तू ती थाळी डोक्यावर घेऊन नळावर पाणी भरायला जा. नंतर झिबोनेलेंच्या अंगणातून सावकाश चालत जा. काही बोलूसुद्धा नकोस.

नियमाप्रमाणे तपकिरी बाटल्या लागतात, बूच मारलेल्या, आणि त्या आधीच्या आठवड्यात पोचायला हव्यात. टॅक्सीवाला लुंगिसा शुक्रवारी तिकडे येतोय, त्याच्याबरोबर बाटल्या आणि बुचं मारायचं यंत्र पाठवते. ज्वारी कधी भिजवतेस ते कळव.

फाथिस्वा


सेंटाने
२५ ऑक्टोबर

फाथी,

भिजवली.

पत्र आल्यावर बरेच दिवस मी काही केलं नाही. यंत्र कोपऱ्यात ठेवलं, त्यावर कोंबडी बसायला लागली. मग एका सकाळी काय झालं कोण जाणे, उठले आणि ज्वारीचं पोतं ओढ्यात नेऊन बुडवलं. ओली ज्वारी गोणपाटाखाली पसरली. मोड आले तेव्हा बुलेल्वाला हाक मारून दाखवले, जसे काही मी आयुष्यात पहिल्यांदाच मोड बघतेय. बारीक, पांढरे, सगळे सारखे. वाळवून दळताना ती पाठीवर बाळ बांधून बसली आणि बाळ दळण्याच्या आवाजाला झोपलं. हे पोर बिअरवाल्यांचंच निघणार.

मक्याचं पीठ आणि मोडाची ज्वारी कोमट पाण्यात आंबवली, दुसऱ्या दिवशी शिजवली, थंड केली, वरून आणखी ज्वारी घातली आणि झाकून ठेवली. काल तिच्या तोंडाशी काडी पेटवून धरली तर काडी विझली, म्हणजे बिअर जिवंत झाली. बुलेल्वाने टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या असत्या, पण हात भरले होते.

बाटल्या लुंगिसाबरोबर शनिवारी निघतील. जिवंत वस्तूचं तोंड बुचाने आवळायचं हे मला काही पटत नाही. पण तुम्ही शहरातली माणसं.

नोफेझिले


ईस्ट लंडन
२ नोव्हेंबर

सिसी,

बसून वाच.

बाटल्या फुटल्या. सगळ्या. केई नदीचा पूल ओलांडून टॅक्सी चढाला लागली आणि पहिली उडाली. लुंगिसाला वाटलं टायर गेला. त्याने गाडी थांबवली, खाली उतरून टायर बघितले, आणि आत दुसरी उडाली, मग तिसरी. मागच्या सीटवर चर्चचे एक वडीलधारे बसले होते, काळा सूट, मांडीवर स्तोत्रांचं पुस्तक. त्यांच्या मानेपासून बुटांपर्यंत तुझी बिअर. लुंगिसा सांगत होता की ते आधी खूप बोलले, मग मिशीवरची चाटली आणि विचारलं, ही कोणाची? सेंटानेच्या मामपिंगाची, तुझं कुळाचं नाव घेऊन म्हणाला तो. मग त्यांनी बाहीवरचीही चाटली.

मी ऐकून आधी रडले, मग त्या मिशीच्या गोष्टीवर इतकी हसले की घरमालकीण विचारायला आली.

पण मी हातावर हात ठेवून बसले नाही. आज सकाळी मिस्टर ड्रेअर दुकानात आले तेव्हा त्यांना सांगितलं, साहेब, आमची बिअर जिवंत असते, कोंडली तर घर मोडते. तुम्हाला हा गट घ्यायचा असेल तर ती बादलीतून, झाकण सैल ठेवून, त्याच दिवशी यायला हवी. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. म्हणाले, हे आमच्या कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. आणि नियम बदलला. सिसी, तुझ्यासाठी छापील नियम बदललाय. आता मंडळाचा स्वयंसेवक बादलीतून नंबराच्या पेल्यात ओतणार.

म्हणजे तुला स्वतः यावं लागणार. शनिवार, १४ तारीख. शुक्रवारी लुंगिसाच्या गाडीत बस, बादली मांडीवर घे आणि तसा काळा सूट घालून कुणी दिसलं तर दुसऱ्या सीटवर बस.

फाथिस्वा


सेंटाने
८ नोव्हेंबर

फाथी,

येते. नव्याने घातलीय, या वेळी मागच्यापेक्षा चांगली आहे. झाकण उचललं की आईच्या खोलीचा वास येतो. कोंबड्या बुलेल्वा बघेल. निळा झगा आणि डोक्याला बांधायचं मोठं फडकं इस्त्री करून ठेवलंय. या वयात मला परीक्षेला बसवतेस आणि मी बसतेय, बघ.

एकच विचारायचं होतं. तिथे आधी कोण पितं?

नोफेझिले


ईस्ट लंडन
१० नोव्हेंबर, लुंगिसाच्या हाती

सिसी, घाईत लिहितेय, तो हॉर्न वाजवतोय. आधी परीक्षक पितात, तिघं असतात. तुला काही करायचं नाही. मागे खुर्च्या आहेत, तिथे माझ्याशेजारी तोंड मिटून बसायचं, कुणाकडे बघायचं नाही. पेला आठवा नंबर. उडवू नकोस भुवया.

फा.


ईस्ट लंडन
१६ नोव्हेंबर

सिसी,

तू मला न सांगता निघून गेलीस. मी हॉलभर शोधलं, बायकांच्या न्हाणीघरात हाका मारल्या, मग लुंगिसाने सांगितलं की तू टॅक्सी स्टँडवर जाऊन गावाच्या वाटेवरच्या बटरवर्थच्या गाडीत बसलीस. बादलीही सोडून गेलीस. म्हणून तुला पुढचं काहीच ठाऊक नाही आणि तेच मला लिहायचंय. पण आधी भांडते.

सगळं नीट चाललं होतं. काळी बिअर झाली, फिकट झाली, कडू झाली. तू माझ्याशेजारी इतकी ताठ बसली होतीस की मला तुझा अभिमान वाटत होता. मग आपला गट आला. मिसेस होल्ट, त्या चष्म्याला साखळी बांधलेल्या परीक्षक बाई, आधी सातवा पेला प्यायल्या आणि त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं. मग आठवा उचलला. तो त्यांच्या ओठांपर्यंत पोचायच्या आत तू उठलीस. मला वाटलं पाय अवघडला असेल. तू सगळ्या खुर्च्यांमधून चालत पुढे गेलीस, त्यांच्या हातातून पेला घेतलास, गुडघ्यावर टेकलीस, मोठा घोट प्यायलीस आणि मग दोन्ही हातांनी तो त्यांच्यापुढे धरलास. गुडघे दुखतात म्हणे. आख्ख्या हॉलमध्ये पंखा तेवढा चालू होता.

मिस्टर ड्रेअर उठले आणि बिचाऱ्यांनी खाली बघत सांगितलं की आठवा नंबर बाद. तू मान हलवलीस, जागेवर आलीस, माझ्या हातावर हात ठेवलास, आणि मी डोळे पुसेपर्यंत खुर्ची रिकामी. आपल्या गटाची थाळी नेव्हिल नावाच्या माणसाला मिळाली. काय आणली होती त्याने माहीत आहे? पाकीट. माजोलावालं. माझ्याच दुकानातून नेलं होतं.

मला राग आला होता तुझा, खूप. इतके महिने, ती ज्वारी, त्या बाटल्या, तो बदललेला नियम. एक घोट दम धरला असतास तर.

आता ऐक. बाद झाल्यावर कार्यकर्ते बादली उचलून न्यायला लागले. मिसेस होल्ट म्हणाल्या, थांबा. मला बोलावून विचारलं की तुमच्या बहिणीने असं का केलं. मी सांगितलं. ज्याने घातली त्याने आधी प्यायची, म्हणजे पिणाऱ्याला भीती राहत नाही. बाईंनी पेला उचलला आणि सगळा संपवला. मार्क द्यायचे नव्हते, तरी दुसरा ओतून घेतला. मग दुसरे परीक्षक आले, मग तिसरे, मग दातांचे डॉक्टर. रांग लागली सिसी. नेव्हिल रांगेत होता, हातात थाळी घेऊन. बादलीचा तळ दिसला तेव्हा मिसेस होल्ट यांनी खालचा चोथा डब्यात भरून घेतला, म्हणाल्या घरी विरजण म्हणून लावते. मी त्यांना सांगितलं की ज्वारीला मोड कसे आणायचे, पण तूच लिहून पाठव, मी काहीतरी विसरले असेन.

आणि शेवटी, बक्षिसं झाल्यावर, मिस्टर ड्रेअर पाहुण्यांना आपली काळी बिअर वाटायला उभे राहिले. ग्लास पुढे करता करता थांबले. सगळ्यांकडे बघितलं, आधी स्वतः प्यायले आणि त्यांचं तोंड वाकडं झालं. हॉल नुसता हसत होता. मला वाटलं, तू इथे असायला हवी होतीस.

राग गेलाय. पण थाळी नाही मिळाली, आणि तुला गावात काय उत्तर द्यावं लागेल याच विचारात मी असते. लवकर लिही. तू गप्प असलीस की मला भीती वाटते.

तुझी
फाथिस्वा


सेंटाने
२० डिसेंबर

माझ्या लाडक्या फाथी,

उशीर झाला. लिहायला काही नव्हतं म्हणून नाही. आधी लिहायची लाज वाटत होती, आणि नंतर हाताला फुरसत नव्हती. सगळं क्रमाने सांगते.

मी तिथून का निघाले ते तुला कळलंच असेल. मी ठरवून उठले नाही. त्या बाईने पेला उचलला आणि मला ती जूनची दुपार दिसली, मी नसताना माझं पिंप उघडलेलं. परत एकदा माझी बिअर माझ्याआधी कुणाच्या तरी पोटात जाणार होती. ती गोरी आहे, अनोळखी आहे, परीक्षक आहे, हे मनात आलंच नाही. तिचं पोट दुखलं तर, एवढंच आलं. थाळी तुझ्या आशेची होती, म्हणून तुझ्याकडे बघायचं धाडस झालं नाही. त्याचं मला फार वाईट वाटतंय.

घरी येऊन बुलेल्वाला सांगितलं, कुणाला काही बोलू नकोस. तिने नाही सांगितलं. पण लुंगिसाच्या तोंडाला बूच मारायचं यंत्र तुझ्या दुकानात मिळत नाही. सोमवारी नळावर गेले तर बायका बोलायच्या थांबल्या. या वेळी वाट दिली नाही, उलट सगळ्या पुढे सरकल्या. एकीने विचारलं, मामपिंगा, तुला त्यांनी आधी पिऊ दिलं नाही हे खरं? दुसरी म्हणाली, मग ते लोक एकमेकांना देतात तरी कसं, पाठ फिरवून? माजोलाही होती. ती बादली भरून निघून गेली.

त्याच आठवड्यात ताता झिबोनेले काठी टेकत माझ्या अंगणात आले. मी चटई टाकली. ते बसले, उन्हाकडे बघितलं, कोंबड्यांची चौकशी केली, बाळाचं नाव विचारलं. मी मनात म्हणत होते, म्हातारबुवा, एकदा बोलून टाका.

"तुला तिथून हाकललं म्हणे," ते म्हणाले.

"हाकललं नाही ताता. बाद केलं. आले मी आपल्या पायांनी."

"का बाद केलं?"

"आधी मी प्यायले म्हणून."

त्यांनी काठीच्या टोकाने माती उकरली.

"गप्प बसली असतीस तर थाळी मिळाली असती?"

"कदाचित मिळाली असती."

"आणि जूनमध्ये?"

"जूनमध्ये मी दवाखान्यात होते, तुम्हाला ठाऊक आहे. इथे असते तर तुमच्याआधी माझं पोट दुखलं असतं."

त्यांना हसू आलं, पण ते त्यांनी खोकल्यात लपवलं. उठताना म्हणाले, "नातवाच्या स्वागताला किती ज्वारी भिजवावी लागेल, तेवढं सांगून ठेव. पोतं उद्या पाठवतो."

फाथी, ते फाटकाबाहेर जाईपर्यंत मी उभी राहिले, मग घरात जाऊन भिंतीला डोकं टेकून रडले. बुलेल्वा घाबरली. तिला म्हटलं, मोठं भांडं काढ, घासायला घे.

काल मेजवानी झाली. पोरगा नवी घोंगडी पांघरून, तोंडाला लाल माती लावून परत आला. आता तो ओठ दाबून पुरुषासारखं बोलतो आणि मधूनच विसरतो. माणूस इतका जमला होता की कुंपणावर पोरं बसली होती. पुरुष एका बाजूला, बायका एका बाजूला. माझी पिंपं ओळीने मांडलेली. माजोलाचंही एक होतं, तिला राग येऊ नये म्हणून झिबोनेलेंनी ठेवलं असणार.

मी पहिला पेला भरून मधोमध आणला. पेला काठोकाठ होता, फेस मनगटावर आला. घोट घेतला. चांगली होती, फाथी. आईची होती. पेला पुढे केला तर ताता झिबोनेलेंनी घेतला नाही.

मग ते म्हणाले, "पुन्हा पी. मागच्यांना दिसलं नाही."

मी पुन्हा प्यायले. उंच धरून, सगळ्यांना दिसेल असं. डोळ्यांतून पाणी येत होतं ते पुसायला हात मोकळा नव्हता. त्यांनी पेला घेतला, अर्धा संपवला, शेजारच्याला दिला, आणि त्याने पुढच्याला. जूनमध्ये पोट दुखलेले ते चारही जण प्यायले. मी मोजत नव्हते म्हटलं तर खोटं होईल.

बायकांच्या बाजूला पेला फिरत फिरत माजोलाकडे आला. सगळ्या तिच्याकडे बघायला लागल्या. तिने वास घेतला, मला एकदा खालपासून वरपर्यंत बघितलं, आणि प्यायली. ओठ पुसून म्हणाली, "जरा आंबटच आहे."

आणि पेला काही पुढे सोडेना.

तुझी
नोफेझिले